पडलेला शिपाई आणि आमचें वाङ्मय

कोणत्याही समाजाच्या वाङ्मयाची कसोटी त्याच्या प्रेमगीतांपेक्षां किंवा प्रहसनांपेक्षां त्याच्या मृत्युलेखांत अधिक लागते, असें आमचें मत आहे. आनंदाच्या प्रसंगीं भाषा थोडी सैल झाली तरी चालून जातें. ऐकणाराच रंगांत असतो व शब्दांचा हिशेब घेण्याची त्याला निकड नसते. परंतु ज्या घरचा मनुष्य सकाळीं कामावर गेला आणि परत आला नाहीं, त्या घराच्या ओट्यासमोर उभें राहून बोलावयाचें असतें तेव्हां एकेक शब्द तोलून घ्यावा लागतो. तेथें पोकळ शब्द तत्काळ ओळखूं येतो. तो ओळखणारीं माणसें बहुधा पंडित नसतात. त्या मनुष्याची आई, त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ हीं तेथें बसलेलीं असतात.

प्रस्तुत लेखांत, कर्तव्य बजावीत असतां प्राणास मुकलेल्या पोलिसांसंबंधीं मराठींत जें लिहिलें व बोललें जातें त्याचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे. हा विषय वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेंत येतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. स्मारकावरचा लेख, श्रद्धांजलीचें भाषण, वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता, पत्नीनें लिहिलेलें पतीचें चरित्र हीं सारीं गद्याचींच रूपें आहेत, आणि आमच्या कादंबऱ्यांपेक्षां कितीतरी अधिक लोकांच्या कानीं तीं पडतात. शिवाय आम्ही ज्या गोंदिया जिल्ह्यांत राहतों तेथें हा प्रश्न पुस्तकी राहूं शकत नाहीं. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगांव या तालुक्यांच्या जंगलपट्टींत दरेकसा, गणुटोला, भरनोली यांसारखीं सशस्त्र पोलीस दूरक्षेत्रें उभीं राहिलीं. अर्जुनी मोरगांव ओलांडलें कीं गडचिरोलीचा कुरखेडा तालुका लागतो. दरेकशाच्या बोगद्यांतून रेल्वे पलीकडे निघाली कीं छत्तीसगडांतील बोरतलाव येतें. १९८० नंतर नक्षलवाद्यांच्या सशस्त्र चळवळीनें ज्या अरण्याचा रस्तान् रस्ता संशयास्पद करून टाकिला, त्याच अरण्याच्या उंबरठ्यावर आमचीं शाळा-महाविद्यालयें आहेत. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांचें पहिलें स्वप्न पोलीस भरतीचें असतें. पहांटे मैदानावर धांवून तीं मुलें दहा वाजतां कवितेच्या तासाला येतात. त्यांच्यासंबंधीं उद्यां कोणत्या भाषेंत बोललें जाईल, ही चिंता वाङ्मयाच्या अध्यापकानें करूं नये तर कोणी करावी?

आमच्या श्रद्धांजलिपर गद्याचा पहिला दोष असा कीं, त्यांत विशेषणें उदंड आणि क्रियापदें अगदींच तुटपुंजीं असतात. 'शूर', 'निधडा', 'भारतमातेचा सुपुत्र', 'अमर' हे शब्द एकामागून एक येतात. पण त्या मनुष्यानें त्या दिवशीं काय केलें, कोठें निघाला होता, बरोबर कोण होतें, यांचा पत्ता लागत नाहीं. एक सोपी परीक्षा करून पाहावी. असें एखादें भाषण घ्यावें, त्यांतील नांव खोडून दुसरें घालावें, आणि तें भाषण पहिल्याइतकेंच शोभतें कीं काय तें पाहावें. बहुतेक वेळां तें शोभतें. जें भाषण कोणालाही लागू पडतें तें कोणाचेंच नसतें. मृत्यूनें एक मनुष्य नेला, आणि आमच्या भाषेनें त्याचें वेगळेपणही नेलें, असा हा दुहेरी तोटा आहे.

उदाहरणादाखल १ मे २०१९ चा प्रसंग घेऊं. महाराष्ट्र राज्याचा हा स्थापनादिन. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हाही त्याच तारखेस अस्तित्वांत आला. त्या दिवशीं पहांटे कुरखेडा तालुक्यांतील दादापूर येथें रस्त्याच्या कामावरील वाहनें नक्षलवाद्यांनीं जाळलीं. त्याची चौकशी करण्याकरितां कुरखेड्याचें शीघ्र प्रतिसाद पथक एका खाजगी वाहनांतून निघालें, आणि जांभुळखेड्याजवळ पेरून ठेवलेल्या सुरुंगानें तें वाहन उडालें. पंधरा पोलीस व वाहनाचा चालक असे सोळा जीव गेले. यानंतर जीं भाषणें झालीं व जे फलक लागले त्यांची ठराविक भाषा सर्वांच्या ओळखीची आहे: लढतां लढतां धारातीर्थीं पतन, वीरमरण, शत्रूशीं झुंज. 'धारातीर्थीं पडणें' हा मराठींतील फार देखणा शब्दप्रयोग आहे, यांत संशय नाहीं. तरवारीची धार हेंच तीर्थ मानणारी ती कल्पना समोरासमोरच्या युद्धांतून जन्मास आली. परंतु सुरुंगाला धार नसते, व त्याच्या समोर कोणी उभाही नसतो. त्या पंधरा जणांस झुंज देण्याची संधि मिळालीच नाहीं. मग त्यांचें शौर्य कोठें होतें? आमच्या मतें तें वाहनांत बसण्यांत होतें. हा रस्ता कसा आहे हें ठाऊक असून, १ मेच्या सकाळीं आज्ञा येतांच ते निघाले, एवढेंच तें शौर्य. आणि तें लहान नाहीं. पण 'निघाले' हें साधें क्रियापद आमच्या वक्त्यांस अपुरें वाटतें, म्हणून न झालेली लढाई ते त्यांच्या नांवावर लिहितात. खरें शौर्य झांकून खोटें शौर्य चिकटविण्याचा हा प्रकार सद्धेतूनें होत असला तरी तो मृतांवर अन्यायच होय.

आणि तो सोळावा मनुष्य? तो गणवेशांत नव्हता. 'पंधरा जवान व एक चालक' असें म्हणतांना त्या 'व' या अव्ययावर केवढा भार पडतो, हें वाचकांनीं क्षणभर मनांत आणावें. ज्या रस्त्यानें ते गेले त्याच रस्त्यानें तोही गेला. मात्र गौरवाच्या भाषेंत त्याला जागा शोधून द्यावी लागते.

असाच प्रश्न व्याकरणांतही उभा राहतो. २००९ हें वर्ष गडचिरोलीच्या पोलिसांस अत्यंत घातक ठरलें. १ फेब्रुवारीस मरकेगांव येथें पंधरा, २१ मे रोजीं मुंगनेर येथें सोळा, आणि ८ ऑक्टोबरला, विधानसभेचें मतदान अवघ्या पांच दिवसांवर आलें असतां, लाहेरी येथें सतरा, याप्रमाणें तीन घटनांत अठ्ठेचाळीस पोलीस मारले गेले. यांपैकीं मुंगनेरच्या सोळांत पांच स्त्रिया होत्या. आतां 'वीर जवान', 'सुपुत्र', 'मर्द', 'वाघ' ही आमची सारी शब्दसामग्री पुल्लिंगी! पोवाड्यापासून चालत आलेल्या वीररसाच्या शब्दकोशांत स्त्रीला वीरमाता होतां येतें, वीरपत्नी होतां येतें. बंदूक घेऊन जंगलांत शिरलेली आणि तेथेंच पडलेली शिपाईण तिला होतां येत नाहीं. त्या पांचजणींसाठीं नवे शब्द घडविण्याऐवजीं आम्ही त्यांना 'जवान' या शब्दांत मिसळून टाकिलें. भाषा आळशी असली म्हणजे ती माणसें कशीं पुसून टाकते, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें उदाहरण आमच्या सीमेलगतचें आहे. २० फेब्रुवारी २०२३ रोजीं बोरतलावजवळ छत्तीसगडचे दोन पोलीस नक्षलवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. ते त्या वेळीं निःशस्त्र होते. येथें लढाई नाहीं, पराक्रमाचा प्रसंग नाहीं, शेवटची गोळीही नाहीं. वीररसाचें गद्य अशा ठिकाणीं अडखळतें, कारण त्याला कृति हवी असते. तथापि पोलिसाच्या कामाचा मोठा भाग असाच असतो: एखाद्या ठिकाणीं असणें, नाक्यावर उभें राहणें, रस्त्यानें जाणें-येणें. सैनिकाला रणांगण असतें. शिपायाला बाजार, तिठा आणि चौकी असते. २०२० व २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीनें महाराष्ट्राचे शेंकडों पोलीस गेले. त्यांनींही कोणाशीं झुंज दिली नव्हती, ते रस्त्यावर उभे होते. या 'उभें असण्या'चा गौरव करणारी भाषा ज्या वाङ्मयापाशीं नाहीं, त्याला पोलिसाचा मृत्यु समजलाच नाहीं असें म्हणणें भाग आहे.

ही उणीव कोठून आली? आमच्या मतें तिचें मूळ असें कीं, जिवंत शिपायालाच मराठी वाङ्मयानें कधीं नीट न्याहाळलें नाहीं. तमाशाच्या वगांत हवालदार येतो तो हंशा पिकविण्याकरितां. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यानें त्याला अमाप लोकप्रियता दिली, पण तीही विनोदाच्या मुलुखांतील. गंभीर वाङ्मयांत तो आला तर बहुधा दडपशाहीचा हात म्हणून. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा या नियमाला ठळक अपवाद होय. वर्दीच्या आंत जळणारा मनुष्य तिनें दाखविला, आणि तिच्यावरूनच १९८३ सालीं 'अर्धसत्य' हा चित्रपट निघाला. परंतु एका कथेनें परंपरा होत नाहीं.

याला इतिहासही कारण आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. १६ ऑगस्ट १९४२ या एकाच दिवशीं आमच्या विदर्भांत, चांदा जिल्ह्यांतील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें, स्वातंत्र्याकरितां उठलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, व क्षुब्ध जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीस मारले गेले. चिमूर-आष्टीच्या हुतात्म्यांना आम्ही वंदन करितों तें योग्यच आहे. त्या दिवशीं परसत्तेच्या चाकरींत मेलेल्या शिपायांच्या घरींही चूल पेटली नसेल, एवढें म्हणावयासही मात्र आमची लेखणी आजवर कचरली. पुढें १९५५ ते १९६० या काळांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत शंभरांहून अधिक माणसें बळी गेलीं, तीं बहुतेक पोलिसांच्याच गोळ्यांनीं. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्या नांवें आहे. म्हणजे मराठी मनांत 'हुतात्मा' या शब्दासमोर पोलीस उभा राहतो तो बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला. तोच शब्द आतां त्याच्या शवपेटिकेवर ठेवावयाचा, तर हात थोडा थरथरणारच. 'शहीद' या शब्दाचीही तीच गत. शासनाच्या अधिकृत परिभाषेंत हा शब्द नाहीं, असें संसदेंत सांगण्यांत आलेलें आहे. आणि इकडे अरण्यांत नक्षलवादीही दरवर्षीं २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा आपल्या मृतांचा 'शहीद सप्ताह' पाळीत आले, लाल स्तंभ उभारीत आले. एकाच जंगलांत दोन्ही बाजूंच्या स्तंभांवर एकच शब्द! अशा वेळीं केवळ शब्दाच्या जोरावर गौरव सिद्ध होत नाहीं. कोणी काय केलें आणि कोणासाठीं केलें, हें सांगावेंच लागतें.

आणि हें सांगण्याची कला आमच्यापाशीं नव्हती असें नाहीं. महाराष्ट्रांत गांवोगांवीं, मारुतीच्या पारापाशीं किंवा जुन्या शिवालयाच्या आवारांत, वीरगळ आढळतात. त्यांची रचना पाहावी. सर्वांत खालच्या चौकटींत प्रत्यक्ष प्रसंग असतो: हातघाईची लढाई, पडलेला वीर, आणि पुष्कळदां ज्यांच्या रक्षणासाठीं तो पडला त्या गाई. त्याच्या वरच्या चौकटींत अप्सरा त्याला घेऊन जातात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकांची लढाई कोरली आहे, कारण तेथील वीर समुद्रावर पडले. अर्थात् त्या अनाम पाथरवटानेंही आधीं घटना सांगितली, कारण सांगितलें, आणि मग स्वर्गाकडे बोट दाखविलें. आमचे आजचे वक्ते खालची चौकट वगळून एकदम अप्सरांपासून आरंभ करितात. गाई कोणाच्या होत्या, हें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या शेजारच्या माडिया गोंडांची रीत तर याहूनही हृद्य आहे. बस्तरांत मृताच्या स्मरणार्थ शिळा उभ्या करितात, कोरलेले स्तंभ उभारितात. ग्रिग्सन यांनीं १९३८ सालच्या माडियांवरील आपल्या ग्रंथांत या स्मरणशिळांची नोंद केली आहे. अशा स्तंभांवर मृत्यूचा प्रसंग असतोच असें नाहीं. त्या मनुष्याचें जगणें असतें. त्याची शिकार, त्याचीं जनावरें, त्याचा नाच, आणि अलीकडच्या काळांत त्याची सायकलसुद्धां. वीरगळ सांगतो कीं हा कसा मेला. गोंडांचा स्तंभ सांगतो कीं हा कसा जगला. उत्तम मृत्युलेखाला हीं दोन्ही अंगें लागतात. आमच्या संगमरवरी पाट्यांवर मात्र नांव, हुद्दा व तारीख एवढेंच उरतें.

बखरींच्या गद्याकडूनही शिकण्यासारखें आहे. युद्धांत कोण कामास आला, कोणाची जागा कोणी घेतली, हें बखरकार दोनचार आंखूड वाक्यांत सांगून पुढें जातो आणि वाचकाला थबकावयास लावितो. तथापि त्या परंपरेचा एक दोषही सांगितला पाहिजे. १७६१ च्या पानिपतानंतर दक्षिणेंत जी वार्ता आली तींत सरदारांची हानि मोत्यांच्या व मोहरांच्या संकेतानें कळविलेली होती, आणि सामान्य शिपाई त्या हिशेबांत मोजदादीपलीकडचीं किरकोळ नाणीं ठरले होते. ही संवय अद्याप सुटलेली नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तीन अधिकारी एकाच गाडींत मारले गेले, हें शाळेंतील मूलही सांगतें. त्याच गाडींत त्यांच्याबरोबर मेलेल्या शिपायांचीं नांवें किती सुशिक्षित वाचकांस सांगतां येतील?

या हिशेबाला छेद देणारा एकच शिपाईगडी लोकांच्या स्मरणांत पक्का बसला, तो म्हणजे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्याच्या केडंबे गांवचा हा मनुष्य आधीं सैन्यांत होता. त्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर हातांत केवळ काठी असतां त्यानें कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या व ती सोडली नाहीं. त्यामुळें अतिरेकी जिवंत सांपडला. २००९ सालीं त्याला मरणोत्तर अशोकचक्र मिळालें, आणि २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं नव्यानें सांपडलेल्या एका कोळ्याच्या जातीला त्याचें नांव दिलें. या स्मृतीचें बळ कशांत आहे? त्याला कोणी फार विशेषणें लावलीं म्हणून नव्हे खास. 'नळी धरली, सोडली नाहीं' हीं दोन क्रियापदें आहेत. वीरगळाच्या खालच्या चौकटींत तीं जशींच्या तशीं कोरतां येतील. जेथें कृति स्पष्ट सांगितली गेली तेथें लोकांनीं ती आपण होऊन जतन केली.

पुस्तकरूपानें पाहूं गेल्यास, श्रीमती विनीता कामटे यांनीं विनीता देशमुख यांच्या सहकार्यानें लिहिलेलें 'टू द लास्ट बुलेट' हें २००९ मधील चरित्र आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. इंग्रजीप्रमाणें मराठींतही तें आलें आहे. त्यांत पतीच्या गुणांचें वर्णन आहे, कुटुंबाच्या आठवणी आहेत, आणि हा भाग अशा चरित्रांत अपेक्षितच असतो. पण या ग्रंथाचा कणा निराळा आहे. पति कोणत्या परिस्थितींत मारला गेला, त्याच्याकडे मदत वेळेवर कां पोंचली नाहीं, हे प्रश्न विचारून लेखिकेनें माहितीच्या अधिकाराखालीं पोलीस नियंत्रण-कक्षाच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी मिळविल्या आणि मिनिटामिनिटाचा ताळा घातला. तिनें काढलेला प्रत्येक निष्कर्ष मान्य करावा असा आमचा आग्रह नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, येथें शोक हा शोधाचें रूप घेतो. सांत्वनाचीं ठराविक वाक्यें जिला पुरलीं नाहींत अशा एका स्त्रीनें घटनेची बारीकसारीक माहिती हेंच आपलें सांत्वन केलें. ग्रंथांत क्वचित् उद्वेग सैल होतो, क्वचित् पुनरुक्ति आढळते. परंतु नांव बदलून पाहण्याच्या आमच्या परीक्षेला तो पूर्णपणें उतरतो. हें पुस्तक दुसऱ्या कोणाचें होऊंच शकत नाहीं.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो तुच्छ लेखण्यासारखा नाहीं. मृताच्या चितेची राख निवण्यापूर्वीं चुका कोणाच्या होत्या, आज्ञा कोणी दिली, हे प्रश्न काढणें म्हणजे त्याच्या बलिदानाला डाग लावणें होय, असें पुष्कळ सज्जन मनापासून मानितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. १८५४ सालीं बालाक्लाव्हा येथें इंग्रज घोडदळ चुकीच्या आज्ञेमुळें तोफांच्या तोंडीं गेलें. त्यावर टेनिसननें लिहिलेली कविता आमच्या पिढीनें शाळेंत पाठ केली होती. त्या कवितेंत आज्ञा चुकली होती हें स्पष्ट म्हटलेलें आहे, आणि तरीही स्वारांचा गौरव त्यामुळें तसूभर कमी झालेला नाहीं. किंबहुना आज्ञा चुकीची असूनही ते गेले, यांतच त्या कवितेचें सारें कारुण्य आहे. चूक सांगितल्यानें मेलेला लहान होत नाहीं. चूक लपविल्यानें उद्यां निघणाऱ्या पथकाचा धोका मात्र वाढतो. अर्थात् चालू मोहिमेची गुप्तता राखावी लागते, हें आम्ही जाणतों. पण गुप्ततेला मुदत असते. मौनाला नसावी असें म्हणणें चुकीचें होईल.

दुसरा प्रश्न शोकाचा. आमच्या साहित्यशास्त्रानें वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानिला आणि करुणाचा शोक. पोलिसाच्या अंत्यसंस्काराच्या वेळीं आम्ही काय करितों? शोक हा ज्या घराचा हक्क आहे त्या घरावर उत्साह लादतों. तरुण पत्नीला 'वीरपत्नी' ही पदवी तेथल्या तेथें दिली जाते, आणि त्या पदवीबरोबर न रडण्याचें बंधनही. लहान मुलाच्या डोक्यावर बापाची टोपी ठेवून त्याला सलाम करावयास लावितात, आणि तें दृश्य पाहून आपण गहिंवरतों. त्या गहिंवरांत आपला गौरव किती आणि आपली करमणूक किती, याचा विचार व्हावयास हवा. भवभूतीनें 'उत्तररामचरितां'त साक्षात् रामाला मोकळेपणीं रडूं दिलें. त्यामुळें रामाचें वीरत्व उणावलें नाहीं, उलट तें नाटक अमर झालें. मग साकोलीच्या किंवा सडक अर्जुनीच्या एखाद्या घरांतील बाईनें रडूं नये, ही सक्ति कां? जे पोलीस आपल्या सोबत्याचें शव उचलून आणतात आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच रस्त्यानें गस्तीला निघतात, त्यांच्या मनांतील भाराला तर आमच्या वाङ्मयांत अजून एक ओळही मिळालेली नाहीं. दुःख पचविण्यासाठीं आधीं तें बोलतां यावें लागतें.

घरच्या माणसांचे प्रश्न फार साधे असतात. तो त्या वेळीं कोठें बसला होता, जेवला होता काय, शेवटीं कांहीं बोलला काय, त्याला फार यातना झाल्या काय, जवळ कोण होतें. या प्रश्नांचीं खरीं उत्तरें सोबत्याच्या तोंडून मिळालीं तर दुःख कमी होत नाहीं, पण त्याला बसावयास एक जागा मिळते. विशेषणांनीं ती मिळत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां, २१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन आम्हांस गंभीर वाङ्मयप्रकारांइतकाच आदरणीय वाटतो. १९५९ सालीं त्या तारखेस लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथें चिनी सैन्याच्या गोळीबारांत दहा भारतीय पोलीस पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळितात. संचलन होतें, शस्त्रें उलटीं धरून शोकमुद्रा घेतात, आणि त्या वर्षांत कामावर मेलेल्या पोलिसांचीं नांवें एकामागून एक वाचलीं जातात. त्या यादींत विशेषण नसतें. अधिकाऱ्याचें नांव व शिपायाचें नांव सारख्याच आवाजांत उच्चारलें जातें. तेथें मोहरा आणि किरकोळ नाणीं हा भेद नाहीं. दिल्लींत चाणक्यपुरी येथें २०१८ सालीं याच तारखेस राष्ट्रीय पोलीस स्मारकाचें उद्घाटन झालें. तीस फूट उंचीचा, २३८ टनांचा काळा पाषाण, आणि शौर्याच्या भिंतीवर त्या वेळीं ३४,८४४ नांवें. इतक्या नांवांसमोर मनुष्य आपोआप गप्प होतो. परंतु ज्या आईला त्यांपैकीं एकच नांव शोधावयाचें आहे तिची भूक भिंतीनें भागणार नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश युद्धकबरींच्या आयोगानें सर्व शिळा एकसारख्या ठेविल्या, अधिकारी-शिपाई भेद मोडला, आणि तरीही प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या शब्दांकरितां सहासष्ट अक्षरांची जागा देऊं केली. राष्ट्राची शिळा आणि घराची एक ओळ, ही सांगड आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

आतां आमची सूचना. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपति हा ज्येष्ठ नक्षल नेता साठ साथीदारांसह गडचिरोलींत शरण आला. नोव्हेंबरांत आमच्या गोंदियांतही शरणागति झाली. बंदुकीचा आवाज ओसरूं लागला कीं विस्मरणाचा काळ सुरू होतो. ज्यांनीं प्रसंग पाहिला ते सोबती निवृत्त होतील, बदलून जातील; आई-बाप थकतील. म्हणून गोंदिया, भंडारा व गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीं पडलेल्या प्रत्येक पोलिसाचें एकेक पान लिहून काढावें. कुटुंबाची संमति असेल तेथेंच लिहावें, आणि त्यांना नको असलेली गोष्ट सोडून द्यावी. त्या पानावर त्याचें गांव असावें, धानाच्या बांधींतलें त्याचें काम असावें, भरतीच्या आधींचीं वर्षें असावींत, तो दिवस असावा, आणि ज्या प्रश्नाचें उत्तर घरच्यांस अजून मिळालेलें नाहीं तो प्रश्नही असावा. भाषा पुस्तकी करूं नये. आई झाडीबोलींत बोलली असेल तर तिचे शब्द झाडीबोलींतच राहावेत. त्या चालकाचें पान वगळूं नये. मुंगनेरच्या पांचजणींचीं पानें त्यांच्या स्वतःच्या लिंगांत व वचनांत लिहावींत. दोन्हीकडच्या संशयाला बळी पडलेल्या गांवकऱ्यांचीं पानेंही कोणीतरी पुढें लिहावींत. एकाचा मान राखण्यासाठीं दुसऱ्याला पुसण्याची गरज नसते.

एवढी सामग्री एकदां हातीं आली म्हणजे तिच्यांतून नाटक, कथा, पोवाडा निघावयास वेळ लागणार नाहीं. धानाची कापणी आटोपली कीं आमच्या झाडीपट्टींत रात्ररात्र नाटकें चालतात. वडसा हें त्या मंडळ्यांचें ठाणें. २०२३ सालीं ज्यांना पद्मश्री मिळाली ते झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे हे कुरखेडा तालुक्याचेच, म्हणजे जांभुळखेडा ज्या तालुक्यांत आहे त्याच मातींतले. ही रंगभूमि हजारोंच्या समुदायाला हंसविते आणि रडवितेही. तिनें आजवर हवालदाराला हंशासाठीं उभें केलें असेल; उद्यां तोच हवालदार वाहनांत बसून निघतो आहे आणि पलीकडे त्याची आई दार लावून घेत नाहीं, एवढा एकच प्रवेश कोणी खराखुरा लिहिला तर तो प्रेक्षकांस समजावून सांगावा लागणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही निबंधाचा एक विषय म्हणून हें काम यंदा देण्याचें ठरविलें आहे. नियम एकच ठेविला आहे: पहिल्या पानावर एकही विशेषण नसावें.